बारमाही नावाची थाप

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला कॅनडातून भाच्याचा फोन आला. आमच्या धर्मापुरीत साडेनऊ म्हणजे मध्यरात्रच. कुत्रीसुद्धा दिवसभराचं भुंकणं आटोपून विसावलेली असतात. त्याच्याकडे मात्र दुपारचे बारा वाजले होते. फोनच्या पडद्यावर आधी त्याचं कपाळ दिसलं, मग घराचं छत, मग पुन्हा कपाळ. ख्यालीखुशाली झाली. बायकोची तब्येत बरी आहे, जानेवारीत बाळंत होणार आहे, डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला,

"मामा, एक सल्ला पाहिजे. गाडीला विंटर टायर घेऊ का ऑल-सीझन?"

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. प्रश्न ऐकायला चष्मा लागत नाही, पण उत्तर सुचेपर्यंत हाताला काहीतरी काम लागतं. वाचकहो, माझी बर्फाशी असलेली एकूण ओळख तुम्हाला सांगून टाकतो. जत्रेतला गोळा, रसवंतीतल्या पोत्याखालची लादी आणि २०१४ च्या गारपिटीत अंगणात पडलेल्या गारा. त्या गारपिटीनं मराठवाड्यातला हाताशी आलेला रब्बी झोपवला, तेव्हा बर्फाबद्दल माझं मत तसं चांगलं नाही. पण त्यावरून गाडी चालवायचा प्रसंग काही आलेला नाही. माझी हद्द परळी, अंबाजोगाई आणि फार झालं तर लातूर. असल्या माणसाला टोरांटोजवळ राहणाऱ्या इंजिनिअरनं बर्फातल्या टायरबद्दल विचारावं, हे म्हणजे माशानं बैलाला पोहण्याबद्दल विचारण्यासारखं होतं.

पण मामा या पदाला एक प्रतिष्ठा असते. "मला माहीत नाही" हे वाक्य त्या पदाच्या नियमात बसत नाही. मी म्हणालो, "तुझं काय मत आहे ते आधी सांग." छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी एवढं नक्की शिकलो आहे, की उत्तर येत नसलं की प्रश्न विचारावा.

त्याचं मत तयारच होतं. ऑल-सीझन. कारणंही तयार होती. गाडीबरोबर तेच टायर आले आहेत. ऑफिसातली निम्मी माणसं तेच वापरतात. शहरात बर्फ पडला की यंत्रं येऊन रस्ता साफ करतात, वर मीठ टाकतात. वर्षातून खरे वाईट दिवस किती? मोजून दहा-बारा. तेवढ्यासाठी चार वेगळे टायर घ्यायचे, नोव्हेंबरात चढवायचे, एप्रिलात उतरवायचे, उरलेले महिने ते कुठंतरी रचून ठेवायचे. "सरासरी काढली तर मामा, ते परवडत नाही," असं तो म्हणाला.

सरासरी हा शब्द त्यानं वापरला नसता तर मी कदाचित "बरं, घे तुला वाटेल ते" म्हणून झोपलो असतो. पण सरासरी मीच त्याला शिकवली होती. सातवीत असताना, उन्हाळ्याच्या सुटीत, आमच्या ओट्यावर, चिंचा खात. आपणच पेरलेलं असं उलटं उगवलेलं पाहिल्यावर गणिताच्या मास्तराला झोप कशी लागणार?

तेव्हा या ऑल-सीझनबद्दल मला जे म्हणायचं आहे ते आता जाहीरपणे म्हणतो. आपण त्याला बारमाही टायर म्हणू. नाव किती गोड आहे बघा. बारमाही विहीर, बारमाही ओढा, बारमाही बागायत. आमच्या बीड जिल्ह्यात बारमाही म्हटलं की माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, कारण नदीला ते सुटत नाही. पण टायरच्या बाबतीत बारमाही ही शुद्ध थाप आहे. बारा महिने पुरणारा असा तिचा अर्थ लोक लावतात. खरा अर्थ, बाराही महिन्यांत कुठल्याच महिन्याला पुरता न पडणारा.

पटत नसेल तर बाजारातल्या इतर बारमाही वस्तू आठवा. सर्व रोगांवर एकच चूर्ण विकणारा वैदू आठवा. सर्व विषयांचं एकच गाईड आठवा, जे वाचून पोरं सर्व विषयांत नापास होतात. पावसात छत्री, उन्हात काठी आणि कुत्र्यासाठी शस्त्र, अशी एक वस्तू मी स्वतः परळीच्या बाजारातून आणली होती. पावसात ती गळली, चढावर ती वाकली आणि कुत्र्यानं ती तोंडात धरून नेली.

आता थोडं टायरविषयी. हे मी त्या रात्री आणि पुढचे चार दिवस वाचून, विचारून गोळा केलेलं ज्ञान आहे. मास्तरचं ज्ञान नेहमी आदल्या रात्रीचंच असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एवढी मोठी मोटार, पण जमिनीला तिचा स्पर्श किती? प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग. चार चाकं, चार तळहात. बाकी सगळं, म्हणजे सीट, गाणी, पुढच्या काचेजवळचा गणपती आणि आत बसलेलं कुटुंब, त्या चार तळहातांवर सोपवलेलं असतं. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला टायर थांबवतो. हा फरक मला इतकी वर्षं गाडी चालवून कळला नव्हता.

रबराचा स्वभाव आमच्या गावच्या लोण्यासारखा आहे. उन्हाळ्यात मऊ, थंडीत कडक. बाहेरचं तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर आखडायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसेनासं होतं. यासाठी बर्फ पडलाच पाहिजे असं नाही, नुसती कोरडी थंडी पुरते. हिवाळी टायरचं रबर वेगळं मळलेलं असतं, त्यात सिलिका जास्त घालतात, म्हणून ते कडाक्यातही लवचिक राहतं. शिवाय त्याच्या प्रत्येक गुट्टीवर ब्लेडनं मारल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्या दाबाखाली उघडतात, मिटतात आणि बर्फाला चावा घेतात.

यातली सगळ्यात गंमत पुढे आहे. हिवाळी टायरच्या खाचांत बर्फ भरून बसतो, आणि तो बसावा अशीच योजना असते. कारण बर्फाला बर्फ चांगला धरतो. गोळेवाला हातात बर्फाचा चुरा दाबून गोळा करतो, तो काय गोंदानं चिकटवतो? दाबला की बर्फ बर्फाला धरतो, बस्स. आमच्या काळ्या मातीचं नेमकं उलटं आहे. ती टायरच्या खाचांत शिरली की टायरचा गुळगुळीत लाडू होतो आणि चिखलावर चिखल घसरायला लागतो. म्हणजे बघा, दोन्ही ठिकाणी रस्ता निसरडाच, पण तिथला टायर वेगळा आणि इथला वेगळा. आणि हा बारमाहीवाला म्हणतो, एकच घ्या!

बारमाही टायरच्या अंगावर एक खूण असते, इंग्रजीतला एम आणि एस. म्हणजे चिखल आणि बर्फ. वाचून माणसाला वाटतं, दोन्ही जिंकले. पण ती खूण खाचांच्या आकारावरून देतात, बर्फावर चालवून पाहून नव्हे. म्हणजे पैलवानाचा लांघ नेसला म्हणून त्याला कुस्ती जिंकल्याचा दाखला द्यावा, तसं. बर्फावर खरोखर परीक्षा घेऊन दिलेली खूण निराळी. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. आता या दोघांच्या मधली एक तिसरी जात निघाली आहे, ऑल-वेदर नावाची. तिच्यावर ही डोंगराची खूण असते आणि बेताच्या थंडीत ती काम भागवते म्हणतात. तिच्याशी माझं भांडण नाही. परीक्षा देऊन पास झालेल्या विद्यार्थ्याशी मास्तर भांडत नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, ऋतूप्रमाणे टायर बदलायचे हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. आपल्याकडे असलं काही नव्हतं.

नव्हतं? आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाडीवानाला विचारा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन माणसं बैलगाडीनं कारखान्यावर निघायची. आता ट्रॅक्टर फार झाले, पण गाड्या अजून संपलेल्या नाहीत. निघायच्या आधी गावातलं महत्त्वाचं काम कुठलं? बैलाला पत्र्या मारणं. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारही पाय बांधायचे, आणि नालबंदानं खुराला लोखंडी पत्र्या ठोकायच्या. पावसाळ्यात शेतात काम करताना बैल अनवाणी असतो. डांबरी सडकेवर दोन-दोन टन ऊस ओढायचा म्हटलं की त्याचे खूर झिजून जातील, म्हणून हंगामापुरत्या पत्र्या. म्हणजे अक्षर न शिकलेल्या माणसानं आपल्या बैलाला हंगामी टायर चढवले की नाही? आणि तेही उचल फेडायची असताना, पदरात दमडी नसताना. "सरासरी काढली तर परवडत नाही," असं एकाही गाडीवानानं नालबंदाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

जगातला हवेचा टायर वापरात आणला तोसुद्धा गुरांच्या डॉक्टरनं, हे मला फार योग्य वाटतं. डनलप हे आडनाव तुम्ही ऐकलं असेल. बेलफास्ट शहरातला हा जनावरांचा डॉक्टर. १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्यानं ही खटपट केली. हवेच्या टायरची कल्पना त्याच्याही आधी, १८४५ च्या सुमाराला, टॉमसन नावाच्या माणसानं नोंदवून ठेवली होती, पण ती बाजारात टिकली नाही. चालली ती डनलपची. खुरांकडे बघायची सवय असलेल्या माणसालाच चाकाच्या पायाचं दुःख कळलं असणार.

भाच्याला मी हा पत्र्यांचा दाखला दिला. तो हसून म्हणाला, "मामा, माझी गाडी बैल नाही." तेव्हा मला नाइलाजानं माझी शेवटची तोफ बाहेर काढावी लागली. ही तोफ डागताना गोळा तोफ डागणाऱ्यालाच लागतो, म्हणून इतकी वर्षं मी ती झाकून ठेवली होती.

गोष्ट १९९१ सालच्या भाद्रपदातली आहे. माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. शेतात कामाची घाई, म्हणून आम्ही सगळे तेव्हा आखाड्यावरच राहत होतो. आखाडा गावापासून दीड-दोन किलोमीटर. वाट काळ्या मातीची, मध्ये एक ओढा आणि ओढ्यापलीकडे मुरमाचा चढ. माझ्याकडे राजदूत मोटरसायकल होती. सेकंडहँड, पण आमच्या शिवारात तिचा दरारा होता.

त्याच वर्षी मृगाच्या आधी मी परळीला टायर बदलायला गेलो होतो. मागचा टायर पार टक्कल पडलेला. टायरवाले चाचा मला ओळखत होते. त्यांनी दोन टायर पुढ्यात टाकले. एक जाड गुट्ट्यांचा, दुसरा साधा रेघांचा. म्हणाले, "गुरुजी, आखाड्यावर जाता ना? पावसाळ्यात हा गुट्टीचाच घ्या. दिवाळीनंतर या, दुसरा चढवून देतो. हा मी ठेवून घेतो तुमच्या नावानं." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चाचा, चार महिन्यांसाठी वेगळा टायर कोण घेतं? बारा महिने चालेल असा द्या." आणि जुनाच टायर वर नवं रबर चढवून, रिमोल्ड करून, घेऊन आलो. दीडशे रुपये वाचले. त्या दीडशे रुपयांचं मी काय केलं ते आठवत नाही. वाचवलेल्या पैशाचं पुढे काय होतं हे कुणालाच कधी आठवत नाही.

तर त्या रात्री अकराच्या सुमाराला बहिणीला कळा सुरू झाल्या. दुपारपासून पाऊस लागून राहिलेला. मी राजदूतला किक मारली आणि गावातून जीप आणायला निघालो. आई ओरडून म्हणत होती, "बाबा, बेतानं जा." मी बेतानंच गेलो. पण वाट माझ्या बेताला विचारत नव्हती. काळ्या मातीतून शंभर पावलं गेलो असेन, तेवढ्यात मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल गच्च भरून चाक फिरेनासं झालं. उतरलो, काठीनं चिखल उकरला, पुन्हा निघालो. पुन्हा शंभर पावलं, पुन्हा काठी. असं करत ओढा ओलांडला आणि मुरमाच्या चढाला लागलो. गुट्टीचा टायर असता तर काळ्या मातीत मी उडत गेलो असतो असं नाही. ती माती गुट्टीलाही भीक घालत नाही. पण मुरमाच्या चढावर गुट्टीनं पकड घेतली असती. माझा रेघांचा बारमाही टायर जागच्या जागी भुर्र फिरला, गाडी आडवी गेली, आणि तिच्याखाली माझा डावा पाय.

पावसात, अंधारात, गाडीखाली पाय अडकलेला माणूस काय विचार करतो ते सांगतो. तो हिशेब करतो. मला ते दीडशे रुपये दिसत होते. चाचांनी पुढ्यात टाकलेला तो गुट्टीचा टायर दिसत होता. आणि मागे आखाड्यावर बहीण होती.

किती वेळ गेला कळलं नाही. मग घुंगरांचा आवाज आला. आबांनी माझी वाट न बघता गाडी जुंपली होती. गाडीत कडब्यावर बहीण, शेजारी आई, वर ताडपत्री. आबांनी बैल थांबवले, माझ्याकडे कंदील धरला, राजदूत बाजूला ओढली आणि एवढंच म्हणाले, "बस मागं." बैल तो चढ चढले. घसरत, गुडघे टेकत, पण चढले. वर आल्यावर आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं झालं, पत्र्या मारल्या नव्हत्या. लोखंड असतं पायात तर आज हे मुके जीव उभे राहिले नसते हितं."

गावात जीप मिळाली. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचलो आणि पहाटे भाचेसाहेब जन्माला आले. माझ्या पायाला प्लॅस्टर तिथंच घातलं. मामा-भाचे एकाच इमारतीत, एकाच दिवशी रडत होतो.

ही गोष्ट भाच्यानं लहानपणापासून शंभर वेळा ऐकली आहे. त्यात पाऊस असतो, ओढा असतो, आबांचे बैल असतात. मामाचं धाडसही असतं. फक्त टायर नसतो. इतकी वर्षं मी सगळा दोष पावसावर ढकलत आलो. पाऊस काही उलटून बोलत नाही. परवा रात्री पहिल्यांदा मी गोष्टीत टायर घातला.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग तो म्हणाला, "मामा, दीडशे रुपयांसाठी?"

"हो," मी म्हणालो. "सरासरीत तो टायर अगदी फायद्याचा होता. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्यानं मला काही त्रास दिला नाही."

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. टायर सरासरी दिवसासाठी घ्यायचा नसतो, वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्रीसाठी घ्यायचा असतो. सरासरीचं गणित परीक्षेत बरोबर असतं. पण माणूस सरासरी पाण्यात बुडत नाही, डोहात बुडतो. आणि वाईट रात्र आधी कळवून येत नाही. यंत्रं रस्ता साफ करतात हे खरं, पण बर्फ पडला की लगेच तुझ्याच गल्लीत येतात असं थोडंच आहे? बाळाला तेवढा दम निघेल का? त्याच्या बापाला निघाला नव्हता.

भाचा इंजिनिअर आहे, सहजी शरण येणारा नाही. त्यानं पुढचे मोहरे काढले. म्हणाला, "गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे." आता चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते झटक्यात, हे मान्य. पण थांबताना त्या ताकदीचा काय उपयोग? थांबायला टायरची पकडच लागते. उलट गाडी सुरेख निघते म्हणून माणसाला वाटतं की ती सुरेख थांबेलही. राजदूतही सुरेख निघाली होती.

"मग दोनच घेतो, पुढच्या चाकांना," तो म्हणाला. ही तर आमची खास मराठवाडी काटकसर. पण ज्या चाकांना पकड आहे आणि ज्यांना नाही, त्यांचं वळणावर भांडण होतं. पुढची रस्ता धरतात, मागची सोडतात, आणि गाडी गिरक्या घेते. घ्यायचे तर चार. बैलालासुद्धा कुणी दोन पायांनाच पत्र्या मारत नाही.

"मी जपून चालवतो," हा शेवटचा मोहरा. जगातला प्रत्येक माणूस जपूनच चालवतो, फक्त समोरचा चालवत नाही. शिवाय जपून चालवणं डोक्यात असतं, घसरणं जमिनीवर.

खर्चाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. चार टायर म्हणजे परदेशातही पैसा लागतो आणि नव्या संसारात तो झाडाला लागत नाही. पण हिशेबच करायचा तर पुरा करू. हिवाळी टायर चढवलेले असतात तेव्हा दुसरे चार विश्रांती घेत असतात. झीज दोघांत वाटली जाते, म्हणून दोन्ही जोड जास्त वर्षं टिकतात. त्याच्या ऑंटारियो प्रांतात हिवाळी टायर सक्तीचे नाहीत, पण ते बसवणाऱ्याला विमा कंपनीनं हप्त्यात सवलत दिलीच पाहिजे असा नियम २०१६ पासून आहे. शेजारच्या क्वेबेकमध्ये तर २००८ पासून सक्तीच आहे. आता ती मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी असते. जर्मनीतही २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लागतातच. सरकारं सहसा उगीच शहाणी होत नाहीत. त्यासाठी बरीच माणसं आधी खड्ड्यात जावी लागतात.

आणि जिथं बर्फ पडतच नाही, थंडी बेताची, तिथं बारमाही टायर वापरायला माझी ना नाही. उलट हिवाळी टायर उन्हाळ्यात चालवला तर मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेकही लांब जातो. तोही बारमाही नाहीच. माझं भांडण टायरशी नाही, नावाशी आहे. "बारा महिने" असं सांगून जो तेराव्याला गाठ घालून देतो, त्याच्याशी आहे.

भाच्याला एवढं सुनावल्यावर मला फार हलकं वाटलं. "बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. मी विजयी मुद्रेनं आत गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आमच्या घराच्या भिंतींना कान नाहीत, तिला आहेत.

ती म्हणाली, "आपल्या स्कूटरचा मागचा टायर बघितला का कधी?"

मी म्हणालो, "काही होत नाही."

म्हणालो आणि जीभ चावली. "काही होत नाही" हाच आमचा खरा बारमाही टायर आहे. तो साऱ्या मराठवाड्यात प्रत्येक वाहनाला बसवलेला आढळतो. आमच्याकडे प्रश्न हिवाळी की पावसाळी हा नाहीच. आमच्याकडे टायर आतले दोरे दिसेपर्यंत वापरतात, आणि दोरे दिसले की "अजून हवा धरतोय की" म्हणतात. गाडीच्या मागच्या काचेवर वैद्यनाथाचं नाव रंगवायला पैसे असतात, आतल्या भोंग्यांना असतात, हारांना असतात. जमिनीला टेकणाऱ्या चार तळहातांना नसतात. नियम आपल्याकडेही आहे. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली आणि दुचाकीची ०.८ पेक्षा, की तो टायर रस्त्यावर आणायचा नाही. त्यासाठी मोजपट्टीसुद्धा लागत नाही. खाचेच्या तळाशी कंपनीनंच बारीक उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की समजायचं, संपलं. पण ते बघायला वाकावं लागतं. आम्ही देवापुढे वाकतो, पुढाऱ्यापुढे वाकतो. टायरपुढे वाकायला आमची कंबर दुखते.

मी बॅटरी घेऊन अंगणात गेलो आणि वाकलो. मागच्या टायरवर खाचा होत्या कुठं? हात फिरवला तर माझ्या डोक्यावरून फिरवल्यासारखा वाटला. याच स्कूटरवर दर सोमवारी बायकोला मागे बसवून मी परळीला दर्शनाला नेतो. सगळा श्रावण नेलं होतं, भर पावसात.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळी गाठली. चाचा आता नाहीत, दुकानात त्यांचा मुलगा बसतो. त्यानं टायर बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गुरुजी, कसला देऊ? बारा महिने चालेल असा?"

मी त्याला विचारलं, "तुला अब्बांनी काही सांगितलं होतं का रे माझ्याबद्दल?"

तो नुसता हसला आणि त्यानं खोल खाचांचा, पाण्यात पकड धरणारा टायर काढून पुढ्यात टाकला. मी किंमत विचारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

चार दिवसांनी भाच्याचा फोटो आला. बर्फ अजून पडलेला नव्हता, झाडांची पानं लाल झालेली होती. गॅरेजच्या दारात चार काळे कुळकुळीत टायर एकावर एक रचलेले, आणि त्यावर हात ठेवून आठ महिन्यांची गरोदर सूनबाई हसत उभी. खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, पत्र्या मारायला टाकल्यात."